परसबागेचें बीं

घराच्या मागल्या दाराशीं विहीर, विहिरीजवळ धुण्याचा दगड, त्या दगडावरून वाहणाऱ्या पाण्यावर पोसलेली केळ व अळूचें बन, आणि मांडवावर चढलेला दुधी भोपळ्याचा वेल, असें परस ज्यांनीं वापरलें आहे अशीं माणसें शहरांतून आतां थोडींच राहिलीं आहेत. घरें उंच झालीं, परस नाहींसें झालें, आणि सांडपाणी नळांतून दृष्टीआड गेलें. तथापि आपण लावलेल्या वेलाची भाजी आपल्या ताटांत पडावी ही हौस कांहीं मेलेली नाहीं. उलट गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती गच्च्यांवर चढली आहे. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरांत रोज निघणारा भाजीपाल्याचा कचरा त्याच इमारतीच्या गच्चीवर कुजवून, त्या खतमातींत भाज्या आणि फळझाडें वाढविण्याचा उपक्रम तेथील मंडळींनीं २००२ सालीं सुरू केला. त्याला आधार होता तो श्रीपाद दाभोळकर यांच्या विचारांचा. दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. कोल्हापूरच्या बाजूस राहून त्यांनीं 'प्रयोग परिवार' या नांवानें शेतकऱ्यांचा व हौशी प्रयोग करणारांचा एक मेळा जमविला, आणि ऊन, पाणी व कुजका पालापाचोळा यांचा हिशेब नीट मांडला तर टीचभर जागाही पुष्कळ देते हें त्यांना पटवून दिलें.

मातीचा प्रश्न अशा रीतीनें बराचसा सुटला. पाण्याचा प्रश्नही, काटकसरीनें कां होईना, सुटतो. राहिला तो बियाण्याचा; आणि त्याचा विचार करण्याचें कारण बहुतेकांना वाटतच नाहीं. मृगाच्या सुमारास कोणीतरी बाजारांत जातो आणि वर रंगीत चित्र असलेल्या चारपांच पुड्या घेऊन येतो. त्या कुंड्यांतून पेरल्या जातात, भाजी येते, तिचें कौतुक होतें, आणि पुढल्या मृगाला माणूस पुन्हां बाजारांत जातो. बाग घरची, माती घरची, मेहनतही घरची. फक्त ज्याच्यापासून हें सगळें उगवतें तेवढें परक्याचें! या अवस्थेंत बदल करणें शक्य आहे काय, आणि तो कोणीं करावयाचा, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. बाजारांत भाजी मिळत असतां परसबागेचा हा खटाटोप हवाच कशाला, असें विचारणारे लोक आहेत, आणि त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडमध्यें 'विजयासाठीं खणा' अशी हांक सरकारनें दिली तेव्हां लंडनच्या हाइड पार्कांत भाजीचे वाफे पडले, आणि लंडनच्या जुन्या किल्ल्याच्या कोरड्या खंदकांतसुद्धां भाजी लागली. अमेरिकेंत १९४३ सालीं अशा सुमारें दोन कोटि बागा होत्या, आणि देशांत खाल्ल्या जाणाऱ्या ताज्या भाजीपैकीं शेंकडा चाळीस भाग त्यांतून येत असे असा अंदाज आहे. हिंदुस्थानांतही बंगालच्या दुष्काळाच्या त्या काळांत 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम सुरू झाली. परंतु युद्ध संपलें, दुकानें भरलीं, आणि थोड्याच वर्षांत यांपैकीं बहुतेक बागांवर पुन्हां हिरवळ तरी आली किंवा इमारती तरी उठल्या. केवळ टंचाईसाठीं लावलेली बाग टंचाईच्या पलीकडे टिकत नाहीं. तेव्हां दुकान जें देऊं शकत नाहीं असें कांहींतरी परसबागेनें दिलें पाहिजे. आणि तें म्हणजे वाण. दुकानांत भाजी मिळते, वाण मिळत नाहीं.

वाण म्हणजे काय हें जुन्या गृहिणींना सांगावें लागत नसे. कृष्णाकाठचें वांगें वेगळें आणि जळगांवाकडील भरिताचें वांगें वेगळें. एक मसाला भरून शिजवावयाचें, दुसरें विस्तवावर भाजावयाचें. जळगांवच्या त्या वांग्याला २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळाली आहे. घेवडा म्हटला तर त्यांत वाघाच्या अंगासारखे पट्टे असलेला वाघ्या घेवडा आहे. आणि वालांत तर रंग, आकार व शिजण्याचा वेळ यांचे इतके प्रकार आहेत कीं एका तालुक्यांतील नांवें दुसऱ्या तालुक्यांत कळत नाहींत. हे वाण कोणा एका शास्त्रज्ञानें बनविलेले नव्हेत. पिढ्यान् पिढ्या कोणीतरी चांगलें फळ पाहून तें बियाला सोडलें, आणि हें सोडण्याचें काम बहुधा घरांतील बायकांनीं केलें. लेक सासरीं जातांना पदराच्या गांठींत चार बिया बांधून नेई, आणि वाण एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाई.

पुडीतलें बियाणें याहून निराळ्या हेतूनें तयार झालेलें असतें. पुडीवर 'संकरित' असें लिहिलेलें असेल तर त्याचा अर्थ असा कीं दोन निरनिराळ्या शुद्ध वाणांचा संकर करून त्यांची पहिली पिढी विकलेली आहे. ही पहिली पिढी जोमदार व एकसारखी असते. पण तिच्याच फळांतील बीं पेरलें तर दुसऱ्या पिढींत आजा-आजीचे गुण पुन्हां फुटून वेगवेगळे होतात. एक वेल उंच, एक खुजा, एक गोड, एक कडसर. मेंडेल यानें वाटाण्यावर केलेल्या प्रयोगांतून हा नियम १८६६ सालीं प्रसिद्ध केला. संकरित बियाणें वाईट असें मुळींच नाहीं. एकरावर शेती करून बाजार गांठणाऱ्या शेतकऱ्याला तें उत्पन्न देतें, आणि कित्येक रोगांना दाद देत नाहीं. परंतु त्याला हवें तें परसबागेला हवें असतें काय? शेतकऱ्याला एकाच आठवड्यांत सगळें पीक तोडणीस आलें तर सोयीचें. गाडींत रचून दोनशें मैल नेलें तरी न दबणारी साल त्याला पाहिजे. घरांत चार माणसें असतात. त्यांना एकाच दिवशीं दहा दोडके नको असतात. रोजचे दोन हवे असतात, आणि ते दोनतीन महिने मिळत राहिले पाहिजेत. साल पातळ असली तर उत्तमच. जुने परसांतले वाण नेमके असेच, हळूहळू व दीर्घ काळ फळणारे असत, कारण ते स्वयंपाकघरानें निवडलेले होते. पुडीवर 'सुधारित' किंवा 'सरळ' वाण असें असेल तर त्याचें बीं धरतां येतें. म्हणून पुडी घेण्यापूर्वीं तीवरील हा एक शब्द वाचण्याची संवय लावून घ्यावी.

बीं राखण्याचें काम आजच्या काळांत किती दूरवर जाऊं शकतें याचें उदाहरण नगर जिल्ह्यांत आहे. या जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. त्यांत अकोले नांवाचा तालुका आहे. वऱ्हाडांतील अकोला तें निराळें. कळसूबाईचें शिखर व प्रवरेचा उगम याच तालुक्यांत. तेथील कोंभाळणें या गांवच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजांतील बाई. त्यांना शाळा मिळाली नाहीं. घरांतील लहान नातू वरचेवर आजारी पडूं लागला, आणि याचें कारण खाण्यांत आलेलें औषधी-खतांवरचें धान्य व भाजीपाला हें असलें पाहिजे, अशी त्यांची खात्री झाली. त्यांचें हें निदान वैद्यानें मानावें कीं न मानावें हा प्रश्न येथें नाहीं. त्या खात्रीनें त्यांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. गांवोगांवच्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन त्यांनीं जुन्या वाणांचें मूठ मूठ बीं मागून आणलें, आपल्या मातीच्या घरांत मडक्यांतून जपलें आणि आपल्या आवारांत पेरून वाढविलें. मणिभाई देसाई यांनीं उरुळीकांचन येथें १९६७ सालीं स्थापिलेल्या 'बाएफ' या संस्थेनें त्यांना साहाय्य केलें. वालाचे, भाताचे, नाचणीचे, पालेभाज्यांचे मिळून कित्येक वाण त्यांच्यापाशीं जमले. २०१८ सालचा नारीशक्ति पुरस्कार त्यांना मिळाला, २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली, आणि 'बीजमाता' हें नांव सर्वतोमुखीं झालें.

सन्मानांची हकीकत वर्तमानपत्रांनीं पुष्कळ छापली. त्या मानानें एका गोष्टीकडे कमी लक्ष गेलें, आणि बीं राखूं पाहणाऱ्या शहरवासीयांना तीच अधिक उपयोगाची आहे. राहीबाईंनीं हें काम एकटीनें चालविलें नाहीं. आसपासच्या गांवांतील बायकांचे बचतगट उभे राहिले, 'कळसूबाई परिसर बियाणें संवर्धन समिति' स्थापन झाली, आणि परसबागेसाठीं बियाण्यांचे संच बांधून ते घरोघर देण्याची वहिवाट पडली. नेलेलें बीं पिकल्यावर दुपटीनें परत करावें, असा सामुदायिक बीज-कोशांचा सर्वसाधारण रिवाज असतो. एके काळीं सावकार पेरणीला धान्य देई तें सवाई-दिढीनें वसूल करी. येथें दुप्पट देणारा स्वखुषीनें देतो, कारण दिलेलें बीं शेजारच्या पांच घरांत गेलें म्हणजे आपल्या घरचें कीड लागून गेलें तरी तें पुन्हां मागतां येतें.

येथें कोणी म्हणेल कीं, वाण जपण्यासाठीं सरकारी कोठारें आहेत, तीं पुरे झालीं. कोठारें आहेत हें खरें. दिल्लींत १९७६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय वनस्पति-जनुक-संपत्ति संस्थेच्या शीतगृहांत चार लक्षांहून अधिक नमुने आहेत, आणि तिचें एक केंद्र वऱ्हाडांतल्या त्या अकोल्यासही आहे. नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्ड बेटांत बर्फाळ डोंगर पोखरून २००८ सालीं सर्व जगासाठीं एक बीज-तिजोरी उघडली गेली. तिच्यांतून ठेव प्रथम परत मागण्याची पाळी २०१५ सालीं आली. सीरियांत अलेप्पो शहराजवळ कोरडवाहू पिकांचें एक मोठें आंतरराष्ट्रीय कोठार होतें. यादवी युद्धामुळें शास्त्रज्ञांना तेथें काम करणें अशक्य झालें. त्यांनीं तिजोरींतील आपलीं बियाणीं मागवून लेबानन व मोरोक्को येथें तीं पेरलीं, नवें बीं धरलें, आणि २०१७ सालीं त्याचा वांटा पुन्हां तिजोरींत नेऊन ठेविला. थंड तिजोरींतसुद्धां बीं अमर होत नाहीं. त्याचें वय लांबतें एवढेंच. केव्हांना केव्हां तरी तें कोणीतरी मातींत घालून नवें करावें लागतें. शिवाय शीतगृहांत बंद असलेला वाल ज्या वर्षीं बाहेर पाऊस कमी पडतो त्या वर्षीं कांहींच शिकत नाहीं. परसांतला वाल दरवर्षीं हवेशीं झगडून थोडा थोडा बदलत असतो.

तर मग प्रत्येक घरानें आपापलें बीं धरावें, म्हणजे झालें? नाहीं, आणि येथेंच बहुतेक हौशी लोक फसतात. एका घराला सगळ्या भाज्यांचें बीं राखतां येत नाहीं. त्याचें कारण आळस नव्हे, फुलांची रचना हें आहे.

घेवडा, वाल, चवळी, मेथी, टोमॅटो यांचें फूल बहुधा आपल्याच परागानें फळतें. त्यांच्या शेजारीं दुसरा वाण असला तरी बीं बहुतांशीं शुद्ध राहतें. हीं पिकें सज्जांतल्या कुंडींतही राखतां येतात. वांगें, मिरची व भेंडी यांचें मधलें आहे. फूल स्वतः फळूं शकतें, पण मधमाशी दुसरीकडचा पराग आणते. एखाद्या घरीं भोपळी मिरची आणि लवंगी मिरची शेजारीं शेजारीं लावलेल्या असल्या, आणि भोपळी मिरचीचें बीं धरलें, तर पुढल्या वर्षीं त्या बियांतून एखादें झाड असें निघतें कीं भरल्या मिरच्या खाणाऱ्यांच्या डोळ्यांस पाणी येतें. कारण तिखटपणा हा गोडेपणावर मात करणारा गुण आहे. अशा झाडांच्या कांहीं कळ्यांवर उमलण्यापूर्वींच पातळ मलमलीची पिशवी बांधली म्हणजे काम भागतें.

वेलवर्गीय भाज्यांची गोष्ट अगदीं वेगळी. दुधी, तांबडा भोपळा, दोडका, काकडी, पडवळ यांच्या वेलावर नर-फूल वेगळें व मादी-फूल वेगळें असतें. पराग एकाहून दुसऱ्याकडे नेला गेल्याखेरीज फळ धरतच नाहीं. दुधीचें पांढरें फूल सायंकाळीं उमलतें आणि रात्रींचे पतंग त्यावर येतात. तांबड्या भोपळ्याचें पिवळें फूल पहाटे उमलतें आणि तें मधमाश्यांचें. हे पतंग व या माश्या कोणाची गच्ची कोठें संपते हें पाहत नाहींत. एका बिऱ्हाडानें आजोळचा गोल दुधी लावला आणि समोरच्या बिऱ्हाडानें बाजारचा लांब दुधी लावला, तर दोघांचीं फळें यंदा जशींच्या तशींच येतील. संकर झाला तो आंतल्या बियांत, आणि तो दिसेल पुढल्या वर्षीं. फळ आईचें, बीं मात्र दोघांचें! ही गोष्ट न कळल्यामुळें 'यंदा बीं बिघडलें' असें लोक म्हणतात. काकडी आणि भोपळा यांचा परस्परांशीं संकर होतो ही समजूत मात्र खोटी आहे. त्या दोन जाति निराळ्या.

यावर हातानें करण्याचा एक उपाय आहे. त्या संध्याकाळीं उमलणारी दुधीची एक मादी-कळी आणि, शक्य तर त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरची, एक नर-कळी दुपारींच दोऱ्यानें हलकी बांधावी. मादी-कळी ओळखणें सोपें. तिच्या मागें बोटाएवढा दुधी आधींच असतो. अंधार पडतांना दोन्ही सोडून नराचे केसर मादीच्या टोकावर फिरवावे, मादी-फूल पुन्हां बांधून टाकावें, आणि देठाला रंगीत धागा बांधावा. मुलांना हें काम फार आवडतें. परंतु एवढ्यानेंही काम संपत नाहीं, कारण एकाच वेलाचें बीं वर्षानुवर्षें धरलें तर वाणाचा जोम उतरतो. वेलभाज्यांस पांचसहा तरी वेल असावे, मुळ्याचीं आणि कांद्याचीं पन्नासाहून कमी झाडें ठेवूं नयेत, आणि वाऱ्यानें फळणाऱ्या मक्याला तर शेंदोनशें ताटें लागतात, असें जाणकार सांगतात. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबानें सहा दुधी कोठें लावावे?

म्हणूनच हें काम वसाहतीचें आहे. दहा बिऱ्हाडांनीं चैत्रांत एकत्र बसून ठरवावें कीं यंदा साऱ्या आवारांत दुधीचा एकच वाण. प्रत्येकानें त्याचा एक वेल लावावयाचा. मिरचीचें बीं अमक्यानें धरावें, भेंडीचें तमक्यानें, आणि दिवाळीनंतर सर्वांनीं आपापलें बीं वांटून घ्यावें. कांदा, मुळा व मका यांचा हव्यास शहरानें धरूं नये. तें खेड्यांतील ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणावें. हें सांगण्यास सोपें, पण आपला आवडता वाण एक वर्ष न लावण्याचें कबूल करणें पुष्कळांस जड जातें, आणि वसाहतींतील सभांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना दुधीवरून काय काय होऊं शकेल हें सांगावयास नको. दुसरी अडचण शोभेची. बियाला सोडलेलें वांगें पिवळें पडून सुरकुततें. दुधी वेलावर वाळून लाकडासारखा होतो व हलविला तर आंत बिया खुळखुळतात. कोणीतरी नीटनेटका मनुष्य येऊन तें 'कुजकें फळ' तोडून टाकतो. अशा फळाला धागा आणि चिठ्ठी असलीच पाहिजे. तिसरी चूक सर्वांत सामान्य आहे. चांगलीं चांगलीं फळें खाऊन झाल्यावर, वेल थकल्यानंतर लागलेलें वांकडें शेवटचें फळ बियाला सोडण्याची प्रथा पडते, आणि नकळत वांकडेपणाचीच निवड होत जाते. निरोगी वेलावरचें, भरांतलें, देखणें फळ आरंभींच हेरून ठेवावें आणि त्याची भाजी करण्याचा मोह आवरावा.

शाळांचा या कामीं फार मोठा उपयोग होण्यासारखा आहे. फ्रेबेल यानें १८४० सालीं जर्मनींत आपल्या बालशाळेस 'मुलांची बाग' असें नांव दिलें तें नुसतें अलंकारिक नव्हतें; त्याच्या योजनेंत प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा असे आणि त्यांच्या सभोंवार सर्वांचे मिळून सामाईक वाफे. मराठींतील 'बालवाडी' व 'अंगणवाडी' या दोन्ही शब्दांत वाडी आहे, आणि कोंकणी माणसाला वाडी म्हणजे काय तें ठाऊक आहे. वाडी शब्दांत राहिली, अंगणांतून बव्हंशीं गेली. १९३७ सालच्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योग-शिक्षणांत शेती व बागकाम यांना स्थान मिळालें. अगदीं अलीकडे, २०१९ सालीं, केंद्र सरकारनें शाळांतून पोषण-बागा लावण्याविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि महाराष्ट्रांत पुष्कळ शाळांच्या परसबागांतील भाजी दुपारच्या आहारांत पडूं लागली.

या शालेय बागांची रड सर्वत्र एकच ऐकूं येते: उन्हाळ्याची सुटी. एप्रिल-मेमध्यें शाळा बंद, पाणी घालणारें कोणी नाहीं, जूनमध्यें पाहावें तों नुसतीं काटकें. मग पुन्हां पुड्या आणण्यापासून आरंभ. परंतु सुटीला न भिणारी एकच वस्तु बागेंत असते, आणि ती बीं. पावसाळ्यानंतर पेरलेल्या वालाच्या शेंगा फेब्रुवारी-मार्चपर्यंत वेलावर वाळतात. परीक्षेच्या आधीं त्या सोलून, निवडून, बाटलींत भरल्या म्हणजे उन्हाळा त्यांचें कांहीं बिघडवीत नाहीं. सहावीच्या मुलांनीं धरलेलें बीं पावसाळ्यानंतर नव्या पांचवीच्या मुलांनीं पेरावें, बाटलीवर वर्ष, वाणाचें नांव व धरणाऱ्या वर्गाचें नांव असावें, एवढी व्यवस्था कोणत्याही शाळेस करतां येईल. शाळेनें दहा भाज्यांच्या मागें लागूं नये. आपल्या तालुक्यांतला एक घेवडा किंवा एक वाल घ्यावा आणि तो सोडूं नये. हा वाण कोणाच्या तरी आजीकडे असतो. तो मागून आणण्याच्या निमित्तानें मुलांना ज्या घरीं जावें लागतें, तें जाणें हाही अभ्यासच होय. मात्र परसबागांच्या स्पर्धांत भाजीचें वजन आणि वाफ्यांची शोभा यांना गुण मिळतात. बियाच्या बाटलीला कोणी गुण देत नाहीं तोंवर मुख्याध्यापकांस दोष देतां येणार नाहीं.

कांहीं लोकांना अशी भीति वाटते कीं बियाणें राखणें किंवा देणें-घेणें कायद्यानें बंद आहे. तसें नाहीं. २००१ सालच्या पीक-वाण संरक्षण व शेतकरी-हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानें शेतकऱ्याला आपल्या शेतांतील बीं राखण्याचा, पुन्हां पेरण्याचा, देवघेव करण्याचा व विकण्याचाही हक्क स्पष्टपणें दिला आहे. संरक्षित वाणाचें बीं छाप मारून विकतां येत नाहीं, एवढीच अट आहे.

आतां बीं वाळविणें व ठेवणें यासंबंधीं चार शब्द. टोमॅटोच्या बियांभोंवतीं एक बुळबुळीत पडदा असतो, तो उगवण रोखतो. म्हणून गर व बिया दोन दिवस भांड्यांत आंबवून मग धुवाव्या. मिरची लाल होऊन वाळूं द्यावी. बिया आधीं सावलींत व नंतर कोंवळ्या उन्हांत वाळवाव्या. दुपारच्या कडक उन्हांत पत्र्यावर टाकूं नयेत. वाळल्या कीं नाहीं हें पाहण्याची खूण अशी कीं भोपळ्याची बी वांकविली असतां वांकूं नये, मट्कन मोडावी. जुन्या बायका बियांना राख चोळून मडक्यांत भरीत व तोंड लिंपून टाकीत, किंवा दुधीच्या वाळक्या तुंब्यांत भरून चुलीवरच्या धुरांत टांगीत. राख ओल शोषते आणि किड्याच्या अंगाला घासते. धूर किड्याला दूर ठेवतो. हॅरिंग्टन या अमेरिकन बीजशास्त्रज्ञानें पुढें जो ठोकताळा सांगितला तो याच दिशेचा आहे: बियांतील ओल शेंकडा एकानें कमी झाली कीं त्यांचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, आणि सांठ्याची उष्णता पांचसहा अंशांनीं उतरली तरीही तसेंच. मुंबई-रत्नागिरीच्या पावसाळी हवेंत उघड्या डब्यांतलें कांद्याचें बीं पुढला हंगामही गांठत नाहीं. तेथें घट्ट झाकणाची कांचेची बरणी, तींत फडक्यांत बांधलेले भाजून निववलेले तांदूळ, आणि ती बरणी शीतकपाटांत, अशी सोय करावी. वांगें, टोमॅटो व वेलभाज्या यांचें बीं अशा रीतीनें चार-पांच वर्षें सहज राहतें.

पेरणीपूर्वीं परीक्षा घ्यावी. मटकीला मोड आणणाऱ्या घरांत ती शिकविण्याची जरुरी नाहीं: दहा बिया ओल्या फडक्यांत गुंडाळून आठवडाभर दमट ठेवाव्या. आठ-नऊ उगवल्या तर बीं उत्तम. पांच-सहा उगवल्या तर दाट पेरावें. दोनतीनच उगवल्या तर त्याच वर्षीं असेल तेवढें सारें पेरून नवें बीं धरावें, आणि शेजारीं कोणाकडे तोच वाण आहे काय याची चौकशी करावी. वालाचें बीं पेरून उरलें तर तें बिरड्याला उपयोगी पडतें. पुडीतलें औषध चोळलेलें रंगीत बीं मात्र उरलें तरी स्वयंपाकघरांत येऊं देऊं नये.